टेनोटॉमीत नस कापत नाहीत

गेल्या पंधरा दिवसांत एकच संदेश मला सात जणांनी पाठवला. पहिला सुदामा नगरातल्या मावसबहिणीकडून आला, शेवटचा राजेंद्र नगरच्या एका आजींकडून. मधले दोन आमच्या समाजाच्या ग्रुपवरचे होते, जिथे एरवी गणपतीच्या वर्गणीचा हिशेब आणि हळदीकुंकवाची आमंत्रणं येतात. मी इंदूरमध्ये लहान मुलांची फिजिओथेरपी करते, वाकड्या पावलांची बाळं रोज हाताखालून जातात, म्हणून प्रत्येकाने खाली लिहिलं होतं, "ताई, हे खरं का?"

संदेश असा आहे: "सावधान! बाळाचं पाऊल जन्मतः आत वळलेलं असेल तर डॉक्टर टेनोटॉमी नावाचं मोठं ऑपरेशन करतात आणि टाचेची नस कापून टाकतात. कापलेली नस परत जुळत नाही, मूल आयुष्यभर लंगडतं. असा पाय ग्रहणामुळे होतो. सहा महिने मोहरीच्या तेलाची मालिश केली की आपोआप सरळ होतो. प्लास्टर-ऑपरेशन हा पैशाचा खेळ आहे. प्रत्येक आईपर्यंत पोहोचवा."

एका आईपर्यंत तो पोहोचल्याचं मला माहीत आहे. तिच्या बाळाची पाच प्लास्टरं झाली होती, पाऊल छान बाहेर वळलं होतं, पुढच्या आठवड्यात टेनोटॉमी ठरली होती. ती आली नाही. फोन केला तर सासूबाई बोलल्या, "ताई, नस कापतात म्हणे. मग तो चालेल कसा?" त्यांच्या आवाजात हट्ट नव्हता, भीती होती. त्या भीतीला नीट उत्तर द्यायला हवं, म्हणून संदेशातलं एकेक वाक्य घेते.

सगळा घोळ 'नस' या शब्दात आहे. घरात आपण शीर म्हणतो, इंदुरात राहून नस म्हणायला लागलो. दोन्ही शब्द सारखेच ढिले आहेत. सलाइन लावताना सिस्टर म्हणते, नस सापडत नाही, ती रक्तवाहिनी. कमरेतून पायात कळ गेली की आपण म्हणतो, नस दबली, तो मज्जातंतू. रात्री पोटरीत गोळा आला की नस चढली. तो आखडलेला स्नायू. नसबंदीतली नस तर पुरुषबीज वाहून नेणारी नळी. इतक्या वेगळ्या गोष्टी एका शब्दात कोंबल्यावर 'नस कापली' ऐकून कुणाच्याही डोळ्यांसमोर रक्ताची चिळकांडी किंवा लुळा पाय उभा राहणारच.

टेनोटॉमीत यांतलं काहीच कापत नाहीत. आत्ता वाचता वाचता आपल्या टाचेच्या वर, मागच्या बाजूला चिमटीत धरून पाहा. बोटात एक घट्ट, गुळगुळीत दोरी येईल. पाऊल वर-खाली करा, ती ताणते आणि सैल पडते. पोटरीचे स्नायू खाली निमुळते होत जाऊन या दोरीत मिळतात आणि दोरी टाचेच्या हाडाला घट्ट बांधलेली असते. स्नायू ओढतो, दोरी ती ओढ हाडापर्यंत नेते, टाच उचलली जाते. हिला कंडरा म्हणतात, इंग्रजीत टेंडन. टाचेची कंडरा ही शरीरातली सर्वांत जाड आणि बळकट. तिच्यातून पावलाला रक्त जात नाही आणि पावलाची संवेदनाही तिच्यातून येत नाही. तिला छेद दिल्याने पाऊल बधीर होत नाही, बोटं लुळी पडत नाहीत.

आपल्याकडे हे शब्द पूर्वी वेगळे होते. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात ७०० सिरा, ९०० स्नायू, ५०० पेशी आणि १६ कंडरा अशी निरनिराळी मोजणी दिली आहे. तिथला 'स्नायू' म्हणजे बांधणारा, दोरीसारखा भाग. मांसाला तिथे 'पेशी' म्हणतात. आजच्या मराठीत स्नायू म्हणजे मांस झालं, पेशी सूक्ष्मदर्शकाखाली गेली आणि कंडरा पाठ्यपुस्तकात पडून राहिली. माझी विनंती आहे की ती तिथून बाहेर काढावी. मी क्लिनिकमध्ये आयांना 'कंडरा' सांगते, तो शब्द त्यांना जड वाटला तर 'टाचेची दोरी' म्हणते. नस मात्र म्हणत नाही.

टेनोटॉमी हा शब्दही त्याच दोरीचा. ग्रीक भाषेत 'टेनॉन' म्हणजे ताणलेली दोरी, कंडरा. संस्कृतातला 'तन्' धातू, आपले ताण, ताणणे, तंतू हे शब्द आणि तो टेनॉन एकाच मुळातून आलेले आहेत. 'टॉमी' म्हणजे छेद. मराठीत कंडराछेदन म्हणता येईल. इथे शेवटच्या अक्षरांकडे लक्ष द्यावं. वैद्यकात 'टॉमी' म्हणजे नुसता छेद आणि 'एक्टॉमी' म्हणजे तो भाग कापून काढणं. अपेंडिक्स काढतात ती अपेंडिसेक्टॉमी. टेनोटॉमीत शरीरातून काहीही काढत नाहीत. म्हणजे संदेशातलं 'कापून टाकतात' यातलं 'टाकतात' हे शब्दाच्या अर्थातच बसत नाही.

आता 'मोठं ऑपरेशन'. हे वाचून मला सर्वांत वाईट वाटलं, कारण आज टेनोटॉमी करतात तीच मोठं ऑपरेशन टाळण्यासाठी.

इग्नासियो पोन्सेटी हे नाव या कामातल्या प्रत्येकाच्या तोंडी असतं. स्पेनच्या मिनोर्का बेटावरच्या घड्याळजीचा हा मुलगा, जन्म १९१४चा. तिथल्या यादवी युद्धात जखमींवर उपचार केले, देश सोडावा लागला, मेक्सिकोमार्गे अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात पोहोचला. तिथे त्यांनी पूर्वी मोठी ऑपरेशनं झालेली वाकडी पावलं तपासली. सरळ दिसणारी ती पावलं ताठ, कमजोर आणि दुखरी झाली होती. म्हणून १९४०च्या दशकाच्या शेवटी त्यांनी जवळजवळ न कापता, हाताने आणि प्लास्टरने पाऊल वळवत आणायची पद्धत बसवली. पाऊल पूर्ण उघडून सगळे सांधे सोडवणारी शस्त्रक्रिया पुढेही कित्येक वर्षं जगभर चालू होती. पोन्सेटींची पद्धत सगळीकडे रुजायला शतक संपावं लागलं. ते २००९ मध्ये गेले.

पद्धत अशी. बाळाचं पाऊल हळुवार हाताने थोडं वळवायचं आणि तिथेच बोटांपासून जांघेपर्यंत, गुडघा काटकोनात ठेवून प्लास्टर घालायचं. आठवड्याने काढायचं, आणखी थोडं वळवायचं, नवं घालायचं. तान्ह्या बाळाचे बंध इतके लवचीक असतात की त्या आठवड्याभरात ते नव्या जागेला सरावतात. आधी तळव्याची खोलगट कमान उघडते, मग चवडा बाहेर येतो, टाच सरळ होते. साधारण पाच ते सात प्लास्टरांत हे सगळं जमतं. एक गोष्ट मात्र बहुतेक बाळांत राहून जाते: टाच वरच अडकलेली असते आणि पाऊल खाली झुकलेलं. टाचेची कंडरा आखूड आणि कडक असल्याने ती प्लास्टरला दाद देत नाही. दहातल्या आठ-नऊ बाळांना इथे टेनोटॉमी लागते.

ती न करता प्लास्टरनेच रेटलं तर काय होतं, हे संदेश लिहिणाऱ्याला ठाऊक नसावं. चवडा वर ढकलला जातो, टाच मात्र दोरीला बांधलेली तिथेच राहते. मग पाऊल मधोमध मोडतं आणि तळवा होडीच्या बुडासारखा बाहेर फुगतो. बाहेरून पाय वर आल्यासारखा दिसतो, आत नवं व्यंग तयार झालेलं असतं. ते दुरुस्त करणं मूळ व्यंगापेक्षा अवघड.

प्रत्यक्ष टेनोटॉमी काही मिनिटांची. बहुतेक ठिकाणी जागा बधीर करून करतात, काही डॉक्टर थोडा वेळ भूल देणं पसंत करतात. टाचेच्या हाडापासून साधारण एक ते दीड सेंटिमीटर वर, बारीक पात्याने कातडीला टोचल्याएवढं छिद्र पाडून आतल्या आत कंडरा आडवी छेदतात. डॉक्टरांच्या बोटाला 'टक्' जाणवतं आणि पाऊल एकदम १५-२० अंश आणखी वर येतं. टाका सहसा लागत नाही. लगेच शेवटचं प्लास्टर चढतं, ते तीन आठवड्यांचं. धोका अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. कंडरेच्या आतल्या बाजूने रक्तवाहिनी आणि मज्जातंतू जातात, बाहेरूनही एक लहान शीर आणि तंतू जातो; क्वचित रक्त जास्त येतं आणि दाबून धरावं लागतं. म्हणून हे काम शिकलेल्या हातानेच व्हावं. पण त्याला मोठं ऑपरेशन म्हणणं चूक आहे.

'कापलेली नस परत जुळत नाही' हे वाक्य लोकांना सर्वांत पटलेलं दिसतं, आणि ते का पटतं ते मला समजतं. टाचेमागची ही दोरी कापून घोड्यांना निकामी करायची रीत लढायांच्या काळात होती. हिंदीत या दोरीला 'घोडानस' असा जुना शब्दच आहे. घराघरात दुसरं उदाहरणही असतं. संडासाच्या फुटलेल्या भांड्यात पाय घसरून टाचेमागे खोल कापलं गेलेलं माणूस, नाहीतर गाडीच्या चाकात टाच अडकलेलं पोर. अशा जखमेनंतर नीट उपचार झाले नाहीत तर चवड्यावर उभं राहता येत नाही, हे खरं आहे. मोठ्या माणसाची कंडरा अशी उघडी तुटली की पोटरी वरचं टोक ओढून घेते, भोवतालचं आवरणही फाटलेलं असतं, माती-घाण आत गेलेली असते. तिथे बहुधा शिवावंच लागतं.

तान्ह्या बाळाच्या टेनोटॉमीत परिस्थिती निराळी असते. कंडरेभोवतीचं पातळ आवरण बरंचसं शाबूत राहतं, दोन टोकांमध्ये लहानशी फट पडते, आणि पाऊल त्याच स्थितीत प्लास्टरमध्ये धरून ठेवलेलं असतं. त्या आवरणाच्या नळीत आधी रक्त साकळतं, मग त्यात नवे तंतू येऊन टोकं सांधतात. तीन आठवड्यांनी प्लास्टर काढलं की बोटाला सलग दोरी लागते. पुढच्या काही महिन्यांत ती मूळ कंडरेसारखी भरत जाते. फरक एवढाच, की आता ती हवी तेवढी लांब असते. कंडरा जुळते, लांब होऊन जुळते, म्हणूनच तर हा उपाय आहे. जुळत नसती तर कुणी केला नसता.

हे कालपरवाचं ज्ञान नाही. इंग्लंडच्या जॉन हंटर या शल्यविशारदाची स्वतःची टाचेची कंडरा १७६७ मध्ये तुटली, आणि त्यानंतर त्याने कुत्र्यांवर प्रयोग करून तुटलेली कंडरा कशी सांधते हे पाहिलं. फ्रान्समध्ये देलपेशने १८१६ मध्ये, जर्मनीत हानोव्हरच्या स्ट्रोमायरने १८३१ मध्ये कातडीखालून कंडरा छेदली. भूल नव्हती, निर्जंतुकीकरण नव्हतं, उघडी जखम म्हणजे पू ठरलेला. म्हणून कातडीला नुसतं टोचून आत काम करायची ही युक्ती. विल्यम जॉन लिटल हा इंग्रज डॉक्टर लहानपणापासून वाकड्या पावलाने चालत होता. १८३६ मध्ये तो हानोव्हरला गेला, स्ट्रोमायरकडून स्वतःची टेनोटॉमी करून घेतली, आणि परत येऊन आयुष्य अशाच रुग्णांना दिलं. ज्याचा पाय त्या शस्त्राखाली गेला त्यानेच तो उपाय इंग्लंडात नेला.

मग मूल 'आयुष्यभर लंगडतं' का? आयोवात पोन्सेटींच्या पद्धतीने उपचार झालेली माणसं मोठेपणी पुन्हा बोलावून तपासली गेली. त्याचा अहवाल १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला: ४५ माणसं, ७१ पावलं, सरासरी वय ३४. त्यांतल्या ७८ टक्क्यांचा निकाल उत्तम किंवा चांगला होता. तुलनेसाठी घेतलेल्या, जन्मतः कुठलंच व्यंग नसलेल्या लोकांत हाच आकडा ८५ टक्के निघाला. म्हणजे धडधाकट जन्मलेल्यांतही सगळ्यांची पावलं बिनतक्रार नसतातच.

एक गोष्ट मात्र मी आधीच सांगून ठेवते, नाहीतर मागाहून टेनोटॉमीवर खापर फुटतं. अशा पायाची पोटरी दुसऱ्या पायापेक्षा थोडी बारीक राहते आणि पाऊल थोडं लहान. हे मूळ दोषातच असतं, छेद दिला म्हणून येत नाही. पुढे बुटांचे दोन नंबर घ्यावे लागू शकतात. मूल धावतं, जिने चढतं, शाळेत कबड्डी खेळतं.

मालिशवाल्या वाक्यावर मला आजी-मावश्यांशी भांडायचं नाही, कारण त्यांनी जे पाहिलं ते खोटं नाही. पोटात दाटीवाटीने राहिल्यामुळे काही बाळांचं पाऊल जन्मताना आत वळलेलं असतं, पण ते लवचीक असतं. हाताने अलगद धरलं की पूर्ण सरळ येतं, वरही येतं. असं पाऊल थोड्या व्यायामाने आणि कधी आपोआपही सुधारतं, आणि श्रेय मोहरीच्या तेलाला मिळतं. खरं क्लबफुट, म्हणजे जन्मतः घट्ट आत वळलेलं पाऊल, हाताने सरळ येत नाही. टाच वर ओढलेली आणि लहान दिसते, टाचेमागे खोल सुरकुती असते, तळव्याच्या आतल्या कडेलाही घडी असते. ते कितीही चोळलं तरी कंडरा लांबत नाही. फ्रान्समध्ये रोजच्या फिजिओथेरपीने आणि पट्ट्यांनी उपचार करायची एक रीत आहे, ती शिकलेल्या थेरपिस्टने महिनोन्महिने करायची असते, आणि तिच्यातही बऱ्याच बाळांची टाच शेवटी टेनोटॉमीनेच खाली येते. मी स्वतः हाताने उपचार करणारी आहे. हाताने जमत असतं तर मला आनंदच झाला असता. आणि हाडं बसवणाऱ्या पहलवानाकडे नेऊन ते पाऊल जोराने ओढून घेऊ नका. बाळाची कूर्चा, म्हणजे अजून मऊ असलेलं हाड, चेपली जाते आणि ते नुकसान भरून येत नाही.

ग्रहणाचं वाक्य एका ओळीत संपतं. ग्रहण असो वा नसो, हजारात साधारण एक बाळ असं जन्मतं, त्यांत मुलगे मुलींच्या दुप्पट. बहुतेकांत कारण सापडत नाही, घरात आधी कुणाला असेल तर शक्यता वाढते. पण या ओळीमुळे बाळंतिणीला उलटतपासणीला उभं राहावं लागतं: त्या दिवशी विळी हातात घेतली होतीस का, बाहेर गेली होतीस का. अठ्ठावीस दिवसांच्या बाळाला मांडीवर घेऊन रडणारी आई मी पाहिली आहे. तिने काही केलेलं नव्हतं.

पैशाबद्दल. प्लास्टर आणि एक बारीक पातं, याहून स्वस्त हाडांचे उपचार थोडेच असतील. शिवाय २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि पुढचे उपचार मोफत आहेत, आणि त्याच्या यादीत क्लबफुट आहे. आशाताईंना किंवा अंगणवाडीत विचारा, जिल्हा रुग्णालयात कुठे जायचं ते कळेल.

त्या ग्रुपवर आणखी एका काकांनी विचारलं होतं, "माझ्या शुगरच्या डॉक्टरांनीही टेनोटॉमीच म्हटलंय, माझं पाऊल तर सरळ आहे?" शब्द तोच, दोरी दुसरी. जुन्या मधुमेहात पायाची बोटं आकड्यासारखी वाकतात, टोक जमिनीवर घासतं, संवेदना गेल्याने कळत नाही आणि तिथे जखम होते. बोट खाली वाकवणारी कंडरा सुईने किंवा बारीक पात्याने छेदली की बोट सरळ होतं, घासणं थांबतं, जखमेला भरायला वाव मिळतो. सेरेब्रल पाल्सीत मेंदूतल्या दोषामुळे स्नायू ताठ होतात; त्या मुलांत मांड्या कात्रीसारख्या एकमेकींवर येतात तेव्हा जांघेतली कंडरा सैल करतात. अशा मुलांच्या आजाराचं पहिलं सविस्तर वर्णन त्या लिटलनेच केलं होतं, आणि बरीच वर्षं त्या आजाराला त्याचंच नाव होतं. खांद्यात, कोपरात, डोळ्याच्या तिरळेपणातही हा शब्द कानावर येईल. प्रत्येक वेळी डॉक्टरांना एकच विचारा: कुठली कंडरा आणि ती छेदून काय सैल होणार आहे?

एवढं सगळं लिहूनही जी गोष्ट खरोखर मुलांचे पाय पुन्हा वाकडे करते ती त्या संदेशात आलेलीच नाही. ते म्हणजे बूट न घालणं. शेवटचं प्लास्टर निघालं की दांड्याला जोडलेले दोन बूट घालायचे असतात. पहिले तीन महिने दिवसाचे २३ तास, मग रात्री आणि दुपारच्या झोपेत, चार-पाच वर्षांचं होईपर्यंत. मूल चालायला लागतं, पाऊल सुरेख दिसतं, बाळ रात्री कुरकुरतं, आजीला दया येते आणि बूट कपाटावर जातात. वर्षभरात टाच पुन्हा वर चढलेली असते. मग पुन्हा प्लास्टर, कधी पुन्हा टेनोटॉमी, काही मुलांत कंडरा दुसऱ्या जागी लावण्याची शस्त्रक्रिया.

ती आई पाच आठवड्यांनी परत आली. पाऊल थोडं मागे गेलं होतं, दोन प्लास्टरं जास्तीची लागली, मग टेनोटॉमी झाली. प्लास्टर काढलं त्या दिवशी सासूबाई बरोबर होत्या. मी त्यांचा अंगठा धरून बाळाच्या टाचेमागे ठेवला आणि पाऊल हळूच वर केलं. त्यांनी दोनदा चाचपलं. "आहे की हो दोरी," म्हणाल्या. मग मी बुटांचे पट्टे कोणत्या क्रमाने बांधायचे ते दाखवलं, आधी घोट्यावरचा, टाच बुटात खाली टेकली का ते बघून मग बाकीचे. बूट काढायचा तो एक तास कोणता, हे त्यांनीच ठरवलं: सकाळी, अंघोळीच्या वेळी.